ओटीजी चालू होतो, पण तापत नाही? बिघाड नेमका कुठे आहे आणि दुरुस्त करण्यासारखा आहे का, हे असं ओळखा

केकचं मिश्रण तयार आहे, भांड्याला बटर लावून झालंय, ओव्हन दहा मिनिटं आधीच लावून ठेवलाय. दार उघडून पाहिलं तर आत जेमतेम कोमट! दिवा लागलेला आहे, टायमरची टिकटिक सुरू आहे, पण उष्णतेचा पत्ता नाही.

एकेकाळी दिवाळीच्या नानकटाईचे ट्रे घेऊन लोक गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर जायचे. घरी केक करायचा तर कुकरमध्ये वाळू घालून. आता ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, बऱ्याच स्वयंपाकघरांत पोहोचलाय. २०२०च्या लॉकडाऊननंतर तर अनेकींनी यावर घरगुती केकचा व्यवसाय उभा केला. त्यांच्यासाठी ओव्हन बंद पडणं म्हणजे त्या दिवशीची ऑर्डर हातची जाणं.

अशा वेळी दुरुस्तीवाला येतो. 'रॉड गेलाय', 'थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो' किंवा 'ताई, नवीनच घ्या' यांपैकी काहीतरी सांगतो. तो खरं सांगतोय का, हे तपासायचा आपल्याकडे काहीच मार्ग नसतो. प्रत्यक्षात ओटीजी हे घरातल्या सगळ्यात सोप्या विद्युत उपकरणांपैकी एक आहे. बहुतेक बिघाडांचा अंदाज ओव्हनचा एकही स्क्रू न काढता बांधता येतो. कसा, ते पाहूया.

आधी एक इशारा: मायक्रोवेव्ह उघडू नका

हा लेख ओटीजी आणि रॉडवर चालणाऱ्या विजेच्या ओव्हनबद्दल आहे. मायक्रोवेव्ह, मग तो कन्व्हेक्शनचा का असेना, पूर्णपणे वेगळं यंत्र आहे. त्यात २ हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो आणि त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही विजेचा साठा धरून ठेवू शकतो. त्याचा झटका जीवघेणा असतो. त्यामुळे मायक्रोवेव्ह तापत नसेल तर तो न उघडता थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

ओटीजी तापतो कसा?

वीज प्लगमधून येते, आधी टायमरमधून जाते, मग थर्मोस्टॅटमधून, मग फंक्शनच्या नॉबमधून आणि शेवटी रॉडपर्यंत पोहोचते. मॉडेलनुसार हा क्रम थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. हे सगळे भाग माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक मणी निखळला की पुढचं सगळं बंद.

प्रत्येक भागाचं काम थोडक्यात असं:

- रॉड (हीटिंग एलिमेंट): खरी उष्णता इथे तयार होते. आत नायक्रोमची बारीक तार गुंडाळलेली असते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तापल्यावर या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिला हवेत जळून जाण्यापासून वाचवतो. स्टीलच्या रॉडमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देते, वीज नाही. काही छोट्या ओव्हनमध्ये स्टीलऐवजी क्वार्ट्झची, म्हणजे काचेसारखी दिसणारी नळी असते.
- थर्मोस्टॅट: ठरवलेलं तापमान आलं की वीज तोडतो, कमी झालं की पुन्हा जोडतो.
- टायमर: वेळ संपली की घंटा वाजवून वीज बंद करतो.
- फंक्शनचा नॉब: फक्त वरचे रॉड, फक्त खालचे की दोन्ही, हे ठरवतो.
- थर्मल कटऑफ: काही मॉडेलमध्ये असतो. ओव्हन धोकादायक पातळीपर्यंत तापला तर पुरवठा तोडतो.

हे बिघाड नाहीतच!

दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी या चार गोष्टी बघा.

पहिली, टायमर शून्यावर आहे का? बहुतेक ओटीजी टायमर फिरवल्याशिवाय चालूच होत नाहीत. काहींमध्ये 'स्टे ऑन' अशी खूण असते, नॉब उलट दिशेने तिथे न्यावा लागतो. घरातल्या कोणीतरी पुसताना तो हलवलेला असतो.

दुसरी, फंक्शनचा नॉब कुठे आहे? तो फक्त वरच्या रॉडवर असेल तर केक वरून करपणार आणि आतून कच्चा राहणार. त्यात ओव्हनचा दोष नाही.

तिसरी, रॉड मध्येच काळे पडतात? 'रॉड लाल होतो आणि थोड्या वेळाने बंद होतो' ही नेहमीची तक्रार आहे. पण ते थर्मोस्टॅटचं कामच आहे. ठरवलेलं तापमान आलं की रॉड बंद, उतरलं की पुन्हा सुरू. उलट रॉड कधीच बंद होत नसतील तर काळजी करा.

चौथी, सॉकेट. मोबाइलचा चार्जर चालतोय म्हणून सॉकेट ठीक आहे असं समजू नका. चार्जरला अगदी थोडी वीज लागते. सैल झालेल्या सॉकेटवर तो आरामात चालतो आणि ओव्हन लावला की तेच सॉकेट दगा देतं. त्या जागी इस्त्री किंवा गीझरसारखं जड उपकरण लावून बघा. सॉकेटवर तपकिरी डाग, जळका वास किंवा प्लगची पिन काळी पडलेली दिसली तर दोष ओव्हनमध्ये नाही, भिंतीत आहे.

इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवा. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १६०० वॅटचा ओव्हन साधारण ७ अँपिअर घेतो. आपल्याकडचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे त्याची मर्यादा १३८० वॅटच्या आसपास संपते. त्यामुळे मोठा ओव्हन १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटवरच लावायचा. टीव्हीजवळच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर अजिबात नाही.

ओव्हन ठीक, पण व्होल्टेज कमी

हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. गावाकडे संध्याकाळी किंवा उन्हाळ्यात व्होल्टेज उतरतं. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर उष्णता किती कमी होईल? आकडे पाहून वाटतं, सतरा-अठरा टक्के. प्रत्यक्षात तसं होत नाही. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे १९० व्होल्टला ओव्हनची ताकद जवळपास ६८ टक्क्यांवर येते. १८० व्होल्टला ६१ टक्क्यांवर. म्हणजे १६०० वॅटचा ओव्हन हजार वॅटच्या ओव्हनसारखा वागू लागतो.

ओळखायचं कसं? तोच ओव्हन सकाळी नीट तापतो आणि संध्याकाळी रेंगाळतो, त्याच वेळी पंख्याचा वेगही मंदावतो, तर संशय व्होल्टेजवर घ्या. अशा वेळी रॉड बदलून काहीच होणार नाही. वीज कंपनीकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तोपर्यंत ओव्हन आधी जास्त वेळ तापवून घ्या.

लक्षण बघा, भाग ओळखा

आता खऱ्या बिघाडांकडे वळू. ओव्हन रिकामा ठेवा, दोन्ही रॉडचं फंक्शन निवडा, तापमान सगळ्यात वर न्या आणि दाराच्या काचेतून पाच मिनिटं बघा.

- दिवा नाही, उष्णता नाही: प्लग, वायर, टायमर किंवा थर्मल कटऑफ.
- दिवा आहे, पण एकही रॉड तापत नाही: थर्मोस्टॅट, फंक्शनचा नॉब किंवा आतली सुटलेली वायर. सगळे रॉड एकाच दिवशी जळणं फारच दुर्मीळ. त्यामुळे 'सगळे रॉड गेलेत' असं कोणी सांगितलं तर आधी थर्मोस्टॅट तपासायला सांगा.
- फक्त वरचे किंवा फक्त खालचे रॉड तापतात: टायमर आणि थर्मोस्टॅट बहुधा ठीक आहेत, कारण ते दोन्ही बाजूंना सामाईक असतात. दोष न तापणाऱ्या रॉडमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा नॉबमधल्या त्या बाजूच्या संपर्कात.
- रॉड तापतात, पण पदार्थ होत नाही: व्होल्टेज, चुकीचं दाखवणारा थर्मोस्टॅट किंवा नीट न मिटणारं दार.
- रॉड बंदच होत नाहीत, सगळं करपतं: थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेत. ओव्हन लगेच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.
- एक बाजू करपते, दुसरी कच्ची: पंखा असलेल्या ओव्हनमध्ये पंखा फिरतोय का बघा. नसेल तर ट्रे भिंतीला चिकटला आहे का ते पाहा. ट्रेच्या चारही बाजूंनी हवा फिरायला जागा लागते.

रॉडबद्दल एक गोष्ट खिसा वाचवणारी आहे. अनेक छोट्या ओव्हनमध्ये वरचे दोन रॉड सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात. खालचे दोनही तसेच. जोडीतला एक तुटला की दुसरा चांगला असूनही बंद पडतो. त्यामुळे 'वरचे दोन्ही गेले' याचा अर्थ दोन रॉडचे पैसे असा नेहमीच होत नाही.

स्क्रू न काढता तपासणी: प्लगवरून ओव्हनची नाडी

चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर लक्षणांच्या पुढे जाता येतं. ही तपासणी नॉबवर चालणाऱ्या साध्या ओटीजीला लागू आहे. डिजिटल पॅनेलच्या ओव्हनमध्ये वीज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून जाते, तिथे असं मोजून काही कळत नाही.

प्लग सॉकेटमधून काढलेलाच हवा. फक्त बटण बंद करून चालणार नाही. ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. मग:

१. टायमर फिरवा, तापमान २५० अंशांवर न्या, फंक्शन 'दोन्ही रॉड'वर ठेवा. पंख्याचं फंक्शन बंद ठेवा.

२. मल्टिमीटर २०० ओहमवर लावा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघा, शून्याच्या जवळ आकडा यायला हवा.

३. आता ती टोकं ओव्हनच्या प्लगच्या दोन छोट्या पिनांना लावा आणि आकडा लिहून घ्या.

४. फंक्शन 'फक्त वर' आणि मग 'फक्त खाली' करून पुन्हा मोजा. टायमर मध्येच संपणार नाही याकडे लक्ष ठेवा.

किती आकडा यायला हवा? २३० चा वर्ग म्हणजे ५२,९००. त्याला वॅटने भागा. ५०० वॅटच्या रॉडसाठी साधारण १०६ ओहम, ८०० वॅटसाठी ६६, हजार वॅटसाठी ५३ आणि १६०० वॅटसाठी ३३. थंड रॉडचा आकडा थोडा कमी येतो, दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाची चिंता नको. ओव्हन किती वॅटचा आहे ते मागच्या पट्टीवर छापलेलं असतं.

समजा ओव्हन १६०० वॅटचा आहे, वर ८०० आणि खाली ८००. दोन्ही रॉडवर ३३ ओहमच्या आसपास आकडा आला तर रॉड शाबूत आहेत. ३३ ऐवजी ६६ आला तर एक बाजू तुटली आहे. मग 'फक्त वर' केल्यावर ६६ आणि 'फक्त खाली' केल्यावर 'ओएल' किंवा डावीकडे नुसता १ दिसला, तर खालची बाजू गेली. आणि तिन्ही वेळा 'ओएल' आलं तर रॉडना दोष देऊ नका. माळेचा आधीचा मणी, म्हणजे वायर, टायमर, थर्मोस्टॅट किंवा कटऑफ यांपैकी काहीतरी तुटलंय.

आकडे बरोबर येतात पण ओव्हन तापत नाही, असंही होतं. तेव्हा पुन्हा सॉकेट आणि व्होल्टेज बघा. तेही ठीक असेल तर आत एखादं जोड सैल असतं. मल्टिमीटरच्या नगण्य विजेला ते चालतं, पण ७ अँपिअरचा भार आला की सुटतं.

आता सुरक्षेची दोन मापं. प्लगची मोठी जाड पिन अर्थिंगची असते. ती आणि ओव्हनचा उघडा धातूचा भाग (रंग नसलेला एखादा स्क्रू चालेल) यांच्यात आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. आणि मोठी पिन व कुठलीही छोटी पिन यांच्यात मीटर सगळ्यात वरच्या रेंजवर लावूनही 'ओएल'च दिसायला हवं. यांपैकी एक जरी चुकलं तरी तो ओव्हन सॉकेटला लावू नका.

उघडल्यावर काय सापडतं?

वॉरंटी शिल्लक असेल तर ओव्हन स्वतः उघडू नका, ती रद्द होऊ शकते. वॉरंटी संपलेली असली तरी विजेच्या कामाची सवय नसेल तर इथून पुढचं काम जाणकाराला करू द्या. पण तो काय करतोय हे मात्र बघा.

नॉबच्या बाजूचं पॅनेल काढलं की वायरींचं जाळं दिसतं. पहिली गोष्ट मोबाइलवर त्याचा फोटो काढणं. कुठली वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही.

सगळ्यात स्वस्तातला आणि नेहमी सापडणारा दोष म्हणजे सैल किंवा जळालेलं जोड. वायरीच्या टोकाला धातूची छोटी पकड असते. वर्षानुवर्षं तापून-थंडावून ती सैल होते, ठिणग्या पडतात, टोक काळं पडतं. जळालेला भाग कापून नवीन पकड घट्ट बसवली की काम होतं. दोन गोष्टी मात्र चालणार नाहीत. एक, साधी पीव्हीसी वायर आणि चिकटपट्टी. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश असते, ओव्हनच्या भिंतीलगत ती वितळते. इथे फायबरग्लासचं आवरण असलेली वायर लागते. दोन, रॉडच्या टोकाला सोल्डरिंग. नेहमीचं सोल्डर साधारण १८३ ते १९० अंशांना वितळतं, आणि केक आपण १८० ला भाजतो!

रॉड तुटला असेल तर त्याच्या दोन टोकांत 'ओएल' दिसतं. कधी नळीवर फुगवटा, तडा किंवा छोटं भोक डोळ्यांनीही दिसतं. जुन्या उघड्या कॉइलच्या शेगडीत तुटलेली तार ओढून पीळ द्यायची सवय अनेकांना आहे. स्टीलच्या रॉडमध्ये ते शक्य नाही, तो बदलावाच लागतो. नवा घेताना जुना सोबत घेऊन जा. व्होल्ट, वॅट, लांबी, वाक आणि टोकांचा प्रकार हे पाचही जुळायला हवं. 'जास्त वॅटचा टाकतो, लवकर तापेल' या सल्ल्याला बळी पडू नका. ओव्हनची वायर, टायमर आणि थर्मोस्टॅट त्या जादा भारासाठी बनवलेले नसतात.

थर्मल कटऑफ उडाला असेल तर त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा बदलून घ्या. पण तो का उडाला, हेही विचारा. तो उगाच उडत नाही. थर्मोस्टॅट चिकटलेला असेल तर नवा कटऑफही जाणार.

तापतो, पण तापमान खोटं दाखवतो

घरगुती बेकिंग करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो हा दोष. ओव्हन बंद पडत नाही, पण कालपर्यंत चाळीस मिनिटांत होणारा केक आज तासभर घेतो.

थर्मोस्टॅट दोन प्रकारचे असतात. एकात दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. दुसऱ्यात ओव्हनच्या आत एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला तेलाने भरलेला बल्ब असतो. तेल प्रसरण पावून संपर्क उघडतं. हा बल्ब क्लिपमधून निसटला, ट्रेचा धक्का लागून वाकला किंवा त्यावर चीज-साखरेचं किटण चढलं की तापमानाचा अंदाज चुकतो. नळी फुटून तेल गळालं तर संपर्क उघडतच नाही आणि ओव्हन तापतच राहतो.

तपासायला ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा. १८० वर लावून पंचवीस मिनिटं थांबा. मग दर पाच मिनिटांनी पाच वेळा आकडा बघा आणि सरासरी काढा. एकाच आकड्यावर निष्कर्ष काढू नका, कारण रॉड चालू-बंद होताना तापमान वर-खाली होतंच. दहा-पंधरा अंशांचा फरक घरगुती ओव्हनमध्ये चालवून घ्यायचा.

थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. शुद्ध साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापवून, फॉइलवर चमचाभर साखर मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. ती वितळली तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतोय. न वितळल्यास १९० वर नेऊन नव्या साखरेने तेच करा. तिथेही वितळली नाही तर कमी तापतोय.

फरक नेहमी सारखाच असेल, समजा वीस अंश कमी, तर खर्च करायची गरज नाही. 'वीस जास्त ठेवा' अशी चिठ्ठी ओव्हनवर चिकटवा. फरक रोज बदलत असेल किंवा तीस-चाळीस अंशांच्या वर असेल तर थर्मोस्टॅट बदलायची वेळ आली.

ओव्हन लावताच घरातली वीज जाते?

कुठला स्विच पडला, हे आधी बघा. एमसीबी पडला तर भार जास्त झालाय किंवा आत शॉर्ट आहे. गीझर, इस्त्री आणि ओव्हन एकाच लाइनवर एकाच वेळी चालू असतील तर तेवढ्यानेही तो पडतो. आरसीसीबी (अनेक घरांत याला ईएलसीबी म्हणतात) पडला तर वीज ओव्हनच्या पत्र्यामार्गे अर्थिंगमध्ये गळतेय. घरातला आरसीसीबी सहसा ३० मिलीअँपिअरच्या गळतीला पडतो. शॉक लागून जीव जाऊ नये, म्हणूनच तो बसवलेला असतो.

पावसाळ्यात, त्यातही कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत ही तक्रार वाढते. रॉडमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर हवेतला ओलावा शोषून घेते. ओव्हन तीन-चार महिने बंद राहिला की रॉडच्या टोकांतून ओल आत शिरते आणि गणपतीत ओव्हन लावला की आरसीसीबी पडतो. यात रॉड मेलेला असेलच असं नाही. तंत्रज्ञ तो काढून मंद उष्णतेवर सुकवतो आणि मेगर नावाच्या उपकरणाने गळती थांबली का ते पाहतो. साधा मल्टिमीटर ही गळती कधी कधी पकडत नाही. सुकवूनही गळती राहिली तर रॉड बदलायचा.

'डायरेक्ट करून देतो' याला नाही म्हणा

थर्मोस्टॅट किंवा कटऑफ मिळत नसला की काही जण त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतात. यालाच 'डायरेक्ट' म्हणतात. ओव्हन लगेच तापू लागतो, पैसेही कमी लागतात. पण आता त्याला थांबवणारं कोणी उरलेलं नसतं. टायमर संपेपर्यंत, किंवा 'स्टे ऑन'वर असेल तर तुम्ही बंद करेपर्यंत, तो तापतच राहणार. शेजारचा पडदा, वर ठेवलेला प्लास्टिकचा डबा, आतलं तेल, काहीही पेट घेऊ शकतं.

दुसरी तशीच सवय म्हणजे आरसीसीबी पडतो म्हणून तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा बसवणं. स्विच पडायचा थांबतो, गळती नाही. ती आता ओव्हनला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जायची वाट बघते.

दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा?

सैल जोड, वायर, प्लग, टायमर, एखादा रॉड किंवा थर्मोस्टॅट यासाठी सहसा ओव्हन टाकायची गरज नसते. दुरुस्तीचा खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, पत्रा गंजून सडला असेल किंवा नेमका भाग बाजारात मिळतच नसेल तर नव्याचा विचार करा.

दुरुस्तीआधी कुठला भाग बदलणार आणि किती रुपयांत, हे लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिल घ्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती आणि सुट्या भागांबद्दल कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे एकत्र मिळते. वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि ओव्हन टाकायचाच झाला तर तो ई-कचरा आहे, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

बिघाड टाळण्यासाठी एवढं करा

- तळाला किंवा रॉडवर फॉइल अंथरू नका. उष्णता अडकते आणि रॉड गरजेपेक्षा जास्त तापतो.
- गरम रॉडवर पाणी किंवा ओलं फडकं नको. क्वार्ट्झची नळी क्षणात तडकते.
- सांडलेलं चीज, साखर ओव्हन थंड झाल्यावर त्याच दिवशी पुसा.
- ओव्हनच्या मागे आणि बाजूंना चार बोटं तरी जागा सोडा. वर काही ठेवू नका.
- पावसाळ्यात वापर नसला तरी महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर रिकामा चालवा, म्हणजे ओल साठत नाही.
- नवा रॉड बसवल्यावर पहिल्यांदा पंधरा मिनिटं रिकामा तापवा, खिडकी उघडी ठेवून. थोडा धूर येतो, तो रॉडवरच्या तेलाचा असतो.

सध्या ओव्हन चांगला चालत असेल तर प्लग काढून वर सांगितलेली तीन मापं आजच घ्या आणि ओव्हनच्या पुस्तिकेत लिहून ठेवा. उद्या तो तापेनासा झाला तर नव्या आकड्यांशी तुलना करून दोष रॉडमध्ये आहे की त्याच्या आधी, हे दुरुस्तीवाला येण्याआधीच तुम्हाला कळलेलं असेल.